डबा रिकामा परत देत नाहीत

नाताळ आठ दिवसांवर आला की आमच्या मालवण-वेंगुर्ल्याकडे दोन गोष्टी ठरल्यासारख्या होतात. तारकर्ली-देवबागच्या खोल्यांचे दर माडावर चढतात, आणि चहाच्या टपरीवर दानधर्मावरून भांडण लागतं. यंदा निमित्त झालं एका पिशवीवाटपाचं. तालुक्याच्या गावी एका मंडळाने हॉल घेतला, आसपासच्या वाड्यांतल्या विधवा, म्हातारेकोतारे, निराधार अशा साठ-सत्तर जणांना बोलावलं, नंबराच्या चिठ्ठ्या दिल्या आणि प्रत्येकाच्या हातात एक पिशवी ठेवली. आत पाच किलो तांदूळ, तेलाची पिशवी, एक ब्लँकेट आणि प्लॅस्टिकच्या डब्यातला केक. घेताना कॅमेऱ्याकडे बघायचं होतं. दोघीतिघी म्हाताऱ्या लाजून खाली बघत राहिल्या, तर त्यांना तीच पिशवी पुन्हा घ्यावी लागली, फोटोपुरती.

दुसऱ्या दिवशी टपरीवर तीन पक्ष पडले. पहिला म्हणाला, यांना वर्षातून एकदाच गरीब दिसतात, सगळा देखावा. दुसरा म्हणाला, तू किती दिलंस ते आधी सांग. काहीच न देण्यापेक्षा देखावा बरा. तिसऱ्याने आवाज खाली आणून सांगितलं, की ही पिशवी नाही, गळ आहे. आज केक, उद्या बाप्तिस्मा. तास दीड तास हे चाललं. ऐकताना एक गोष्ट टोचत राहिली. तिन्ही पक्ष देणाऱ्याबद्दलच बोलत होते. त्याचा डामडौल, त्याचं मोठं मन, त्याचा छुपा डाव. घेणारा या सगळ्या वादात फक्त पुढे आलेला हात होता. त्या हाताला माणूस जोडलेला आहे, हे कुणाच्या बोलण्यात आलं नाही.

मला वाटतं भांडणच चुकीच्या जागी चाललंय. नाताळात द्यावं की देऊ नये, हा प्रश्नच नाही. प्रश्न असा, की आपण जे देतो त्यात समोरच्याला काही परत देण्याची सोय ठेवतो का? सणासुदीची गरिबी पोटाला चिमटा काढते हे खरंच, पण तिचा खरा घाव वेगळा असतो. ती माणसाला देवघेवीतून उठवते. आणि देवघेवीतून उठलेला माणूस एकटा पडतो. आमच्या किनाऱ्यावर गरिबी आणि एकटेपण ही दोन दुखणी नाहीत, एकाच दोरीची दोन टोकं आहेत. एकेरी दानाने त्यातलं एक टोक सैल होतं आणि दुसरं आवळतं.

माझ्या वाडीतलंच सांगतो. आमच्यापासून चार घरं सोडून एक ख्रिस्ती आंटी राहते, सत्तरी ओलांडलेली. एक मुलगा आखातात, एक मुंबईला, दोघांचीही ओढाताणच चाललेली. तिच्या घरून नाताळात नेवऱ्या, कुलकुलं आणि दोदोल यायचा, आमच्या घरून दिवाळीचा फराळ आणि चतुर्थीचे मोदक जायचे. हे माझ्या आजीच्या वेळेपासून. डबाही ठरलेला, स्टीलचा, झाकणावर आजीचं नाव आणि साल कोरलेलं. गेल्या दिवाळीत आईने चकल्या, कडबोळी घालून तो डबा पाठवला आणि डबा परत आलाच नाही. महिना गेला, दीड महिना गेला. आंटी पूर्वी संध्याकाळची आमच्या पडवीत टेकायची, तेही बंद झालं. रस्त्यात दिसली तर लगबगीने पुढे. आई म्हणाली, काहीतरी लागलंय तिला मनाला. आम्ही आपलं काय बोललो, कोण बोललं, हे आठवत बसलो.

सव्वीस डिसेंबरला मी तिच्याकडे गेलो. अंगणात चांदणीचा कंदील लावलेला, दिवाळीच्याच कामट्यांवर नवा कागद. तिने बसवलं, काचेच्या कपाटातली बशी काढून पुसली, आणि केकचे चार तुकडे कापून पुढे ठेवले. केक पिशवीतला होता; प्लॅस्टिकवर मंडळाचं स्टिकर तसंच. आदल्या रात्री तिने तो उघडलाही नव्हता. मी म्हटलं, तू घे की. म्हणाली, "तू खा. माका साखर आसा." मधुमेह असलेल्या बाईला मंडळाने केक दिला होता आणि ती तो फोडायला कुणीतरी येण्याची वाट बघत होती. निघताना आतून डबा घेऊन आली. "तुमचो डबो आसा रे. तेच्यात घालूक कायच नाय, म्हणान ऱ्हवलो." डब्यात उरलेला केक होता. "आवशीक सांग, उशीर झालो."

म्हणजे दोन महिने ती आमच्याकडे आली नाही ती रागाने नव्हे. रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही रीत तिच्या आणि आमच्या दोन्ही घरांत सारखी पाळली जाते. डबा भरण्याइतकं काही हातात नव्हतं, आणि डबा न देता आमच्या पडवीत बसणं तिला जमत नव्हतं. आमच्या चकल्यांनी तिला एकटं पाडलं होतं! हे कळल्यावर मला जरा ओशाळायला झालं. टपरीवरच्या तिन्ही पक्षांना मी मनातल्या मनात नावं ठेवत होतो, आणि माझ्या घरातूनही तेच घडलं होतं. फक्त फोटो न काढता.

आता इथे दुसऱ्या पक्षाचा माणूस मला अडवेल, आणि त्याने अडवावंच. म्हणेल, मग पिशवीनेच तर काम केलं. ती नसती तर आंटीने तुझ्यापुढे काय ठेवलं असतं? हा मुद्दा खरा आहे. नुसता खरा नाही, या वादातला सगळ्यात वजनदार मुद्दा तोच आहे. ज्याच्या घरात तांदूळ नाहीत त्याला सन्मानावर व्याख्यान देणं हा पोट भरलेल्यांचा चाळा आहे. आणि सण आला की माणसाचा हात सैल होतो, खिशातून एरवी न निघणारा पैसा निघतो, हेही नाकारण्यात अर्थ नाही. सणाचं निमित्त काढून घेतलं तर तो पैसा जानेवारीत गरिबांकडे जाईल अशा भ्रमात मी नाही. तो कुठेच जाणार नाही.

पण पिशवीने काम केलं ते कसं, हेही बघायला हवं. ज्यासाठी दिली त्याच्या नेमकं उलट वापरली गेली म्हणून केलं. मंडळाला आंटीने केक खायला हवा होता. आंटीला केक वाढायचा होता. हीच रक्कम तिच्या हातात पंधरा तारखेला रोख पडली असती तर तिने काय केलं असतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. नारळ घरचेच आहेत, तांदळाचं पीठ आणि काळा गूळ आणला असता, आणि दोदोल लावला असता. दोदोल ज्याने बघितलाय त्याला ठाऊक आहे, तो एकट्याने होत नाही. नारळाच्या रसात पीठ-गूळ पडलं की तासन् तास ढवळत राहावं लागतं, हात थांबला की तळाला लागलंच. घट्ट होत आलं की म्हातारीच्या खांद्याचं काम नाही. शेजारची कुणी तरी हवी, एखादं दांडगं पोर हवं. म्हणजे दोदोलासाठी तिला चार माणसांना हाक मारावी लागली असती, चार घरी डबे गेले असते, आणि आमचा डबा दिवाळीनंतर लगेच नाही तरी नाताळात मानाने परतला असता. पिशवीतला तयार केक या सगळ्याला कात्री लावतो. तांदूळ दिले, तेल दिलं, आणि हाक मारण्याचं कारण काढून घेतलं.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं शहाणपण नाही. खुद्द चर्चच्या परंपरेत हा विचार जुना आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन एक मंडळ काढलं, तेच पुढे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणून जगभरच्या चर्चमध्ये पसरलं. त्यांच्या कामाचा गाभा साधा होता: गरिबाला बोलवायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं. जे आपण रांगेत उभे करून करतो ते त्याच्या चुलीपाशी बसून करायचं. घरी गेलं की तो यजमान होतो, तुम्ही पाहुणे. तो तुम्हाला पाट देतो, निदान पाणी देतो. पिशवी तीच असते, पण दोघांच्या जागा बदलतात. हॉलमध्ये ही अदलाबदल होऊच शकत नाही, मग व्यासपीठावर कितीही मोठ्या मनाचा माणूस बसवा.

आता तिसरा पक्ष, गळवाला. त्याला धर्मांध म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि बऱ्याच वेळा तो तसा असतोही. वेंगुर्ल्याच्या मिशनच्या दवाखान्यात आमच्या किती पिढ्यांची बाळंतपणं झाली, हे त्याच्याच घरातल्या म्हातारीला विचारावं. पण त्याच्या संशयात एक खरा दाणा आहे, तो निवडून घ्यायला हवा. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांत मिशनच्या अन्नछत्रांवर 'पोटासाठी धर्म' हा आरोप झाला, तो प्रत्येक वेळी खरा नव्हता, पण प्रत्येक वेळी खोटाही नव्हता. कारण एकेरी दान कधीच फुकट नसतं. परतफेड करायची दुसरी वाट नसली की माणूस निष्ठेने परतफेड करतो. कुणी धर्माने, कुणी मताने, कुणी नुसत्या फोटोतल्या चेहऱ्याने. हा दोष ख्रिस्ती दानाचा नाही, एकेरी दानाचा आहे. आणि तसं असेल तर दिवाळीत पुढाऱ्याचा फोटो छापलेली उटण्याची पुडी घरोघर वाटतात तेव्हा गळवाला गप्प का असतो? मला विचाराल तर २०२२च्या दिवाळीत सरकारने काढलेला 'आनंदाचा शिधा' या बाबतीत बरा होता. रवा, चणाडाळ, साखर, तेल, शंभर रुपयांत. पिशवीवर मंडळींचे फोटो होते, माल कुठे उशिरा पोचला, हे सगळं कबूल. पण शंभर रुपये मोजायचे होते. आमच्या वाडीतल्या बायका शिधा "मिळाला" म्हणत नव्हत्या, "आणला" म्हणत होत्या.

या एका क्रियापदासाठी कोकणात केवढी लढाई झाली आहे! नाताळच्याच दिवशी, २५ डिसेंबर १९२७ला, महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मनुस्मृती जाळली. त्याआधी मार्चमध्ये, २० तारखेला, चवदार तळ्याचं पाणी ओंजळीने घेतलं. त्या काळी अस्पृश्यांना पाणी अजिबात मिळत नव्हतं, असं नाही. दुसऱ्या कुणी वरून ओतलं तर मिळायचं, ओतणाऱ्याला दया आली तर. तहान त्यानेही भागली असती. मग तळ्यापर्यंत चालत कशाला गेले? पाणी हवं होतंच, पण वरून ओतलेलं नको होतं. स्वतः वाकून, स्वतःच्या हाताने घेतलेलं हवं होतं. ज्यांना वाटतं की गरिबाला पोटाशी मतलब, हाताशी काय करायचंय, त्यांनी महाडचा तो रस्ता एकदा चालून बघावा.

उरतो एक युक्तिवाद, तो टपरीवर नव्हे, घराघरांत ऐकू येतो. गरिबी सरकार बघेल, पण एकटेपण हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न आहे. मुलं आईबापांना टाकून गेली, त्यांना विचारा. ऐकायला ठणठणीत वाटतं. पण कोकणात मुलं 'टाकून' गेली का? २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. सिंधुदुर्गात १०३६ आणि रत्नागिरीत ११२२. हे काही आमच्याकडे मुलींचं फार कौतुक होतं म्हणून नव्हे. पुरुष गावात नसतात म्हणून. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या वाढत असताना या दोन जिल्ह्यांची चक्क घटली. आधी बोटीने, मग एसटीने, १९९८पासून कोकण रेल्वेने आम्ही माणसं पाठवत आलो आणि बदल्यात मनिऑर्डर घेत आलो. गिरण्या त्यावर चालल्या, बोटी त्यावर चालल्या, आखातातली बांधकामं त्यावर चालली. एका अख्ख्या अर्थव्यवस्थेने रिकामी केलेली घरं, आणि दोष मात्र आखातात चाळीस अंशांत उभ्या असलेल्या पोराचा?

आणि पूर्वी हे दुखणं लोकांनी घरच्याघरी सोसलं, हेही खरं नाही. मुंबईत धोबीतलावच्या बाजूला गोव्याच्या गावागावांचे 'कूड' होते. बोटीवर चढायच्या आधी, नोकरी मिळेपर्यंत, गावचा माणूस तिथे ट्रंक ठेवायचा, थोडक्या भाड्यात झोपायचा, संध्याकाळी सगळ्यांबरोबर रोझरीला बसायचा. गिरणगावात आमच्या गावमंडळांच्या खोल्या तशाच. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं, भिशी, भजन, खानावळवाल्या मावशीचा हिशेब. यात दान कुठेच नव्हतं. प्रत्येक जण वर्गणी भरायचा, म्हणून प्रत्येकाचा हक्क होता. गरिबांनी एकटेपणावर शोधलेला तोडगा हा होता, आणि तो नीट चालत होता. आज मागे गावात राहिलेल्यांसाठी असा कूड कुणी काढला आहे?

गावकीचे गोडवे गाऊ नकोस, असं कुणी म्हणेल. नाही गात. याच गावकीने १८९३ साली विधवेशी लग्न केलं म्हणून मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांवर बहिष्कार टाकला होता. याच किनाऱ्यावर, रायगडात, अगदी अलीकडेपर्यंत कुटुंबंच्या कुटुंबं वाळीत टाकली जात होती, इतकी की राज्याला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. पण वाळीत टाकणं म्हणजे काय असतं ते बघा. उपाशी ठेवणं नव्हे. त्याच्या घरचं कुणी घ्यायचं नाही, त्याला आपल्या घरचं द्यायचं नाही. लग्नाला बोलवायचं नाही, मयताला जायचं नाही. गावाने शोधलेली सगळ्यात कडक शिक्षा ही होती, आणि आज गरिबी तीच शिक्षा पंचायत न बसवता देते आहे.

नाताळच्या गोष्टीतसुद्धा मला नेहमी एक वाक्य अडवतं. मरियेने बाळाला गव्हाणीत ठेवलं, कारण त्यांना उतारशाळेत जागा नव्हती. गेल्या वर्षी तारकर्लीच्या एका हॉटेलात भांडी घासणारा झारखंडचा मुलगा भेटला. ख्रिस्ती. चोवीस तारखेला रात्री चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे सणाच्या उपासनेला जायला दोन तास मागितले, तर मालक म्हणाला, सीझन आहे. हॉलमध्ये प्लायवूडचा गोठा मांडलेला होता, वेटरांना लाल टोप्या घातल्या होत्या, पर्यटकांसाठी कॅरोल लावली होती, आणि ज्याचा सण तो मागच्या मोरीत. त्याला पिशवी देणार का? त्याला सुट्टी हवी होती. ठरावीक संख्येहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना राज्याचा २०१७चा कायदा वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या सांगतो; चार कायद्यानेच ठरवलेल्या दिवसांच्या, चार मालक-कामगारांनी आपसात ठरवायच्या सणांच्या. आमच्या किती हॉटेलांत कुणी त्या मुलाला विचारलं असेल, की बाबा, तुझे चार कोणते?

तेव्हा दानधर्मवाल्यांशी माझं भांडण नाही. पण त्यांच्या आडून सरकार निसटतं, ते मला चालत नाही. आंटीसारख्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. पासष्ट वर्षांपुढच्यांना, महिन्याला दीड हजार रुपये. अट अशी की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला साडेसतराशे. मुलाने मुंबईहून दोन हजार पाठवले की आई कागदावर सुखवस्तू! वृद्धांच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा साठ ते ऐंशीच्या दरम्यानच्या माणसामागे दोनशे रुपये आहे, आणि २००७पासून तो दोनशेच आहे. तेव्हाच्या दोनशेत काय यायचं आणि आता काय येतं, ते बाजारात नारळवाल्याला विचारावं. आंटीचे तीन महिन्यांचे पैसे एकदम आले ते जानेवारीत, सण उलटल्यावर. ते वेळेवर येते तर मंडळाला हॉल घ्यायची गरजच पडली नसती, आणि ज्यांना नाताळात काही करायचंच आहे त्यांना दोदोल ढवळायला जाता आलं असतं.

डबा आता आमच्याकडे आहे. संक्रांतीला तो जाईल. आईचं म्हणणं तिळाचे लाडू घालू. मी म्हटलं, आंटीला साखर आहे आणि दात तीन. शिवाय डबा गेला की पुन्हा तेच, परत भरायचा कशाने? आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, तिच्या परड्यातला बिमला, तो आंबट फळांचा, यंदा लगडलाय, ती कुणाला तोडायला सांगत नाही. तू जा, तोडून दे, आणि सांग आईला लोणच्याला हवाय, डबाभर.